नायिकेचा गळा

माणगाव, १९३१

दौलतमामांस, राहीचा नमस्कार.

तुम्ही आईकडून विचारायला लावलंत, म्हणून सांगते. इटलीत ती चाल होती, हे खरं. गोड गळ्याच्या मुलांना वयात येण्याआधीच खच्ची करत, म्हणजे आवाज कोवळा राहत असे. त्यातल्या मोजक्यांना राजेरजवाड्यांनी डोक्यावर घेतलं. कित्येक मेले, आणि उरलेल्यांना कुणी विचारलं नाही. आता ते तिथेही बंद झालं आहे.

तुमच्या नाटकमंडळीची नायिका माझा धाकटा भाऊ नामा आहे, बैल नव्हे. मी दवाखान्यात नर्स आहे म्हणून डॉक्टर हे गुपचूप करतील, असं तुम्ही आईला सांगितलंत. वर म्हणालात, "अगो बाय, दाढ काढल्यासारखंच हाय!" मामा, इतकं सोपं असेल तर आधी स्वतःचं करून घ्या.

आई तुमच्या शब्दाबाहेर नाही. म्हणून नामाला मी इथे माझ्या खोलीवर आणलं आहे. सोमवारी तुम्ही त्याला न्यायला येणार, हे मला कळलं आहे.

इथवर लिहिलं आणि अंगणातून नामा ओरडला, "ताई, चावी कुठं हाय?" 'ताई' चिरकं निघालं आणि बाकीचं थेट विहिरीच्या तळातून आलं. मी त्याला पुन्हा विचारायला लावलं. तो चिडला, पण पुन्हा तसंच. फुटलेला आवाज कुठल्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.

तेव्हा हे पत्र टाकत नाही. सोमवारी कडी वाजवा. "कोण हाय?" असं तोच विचारेल.

तुमची भाची,
राही