धामणच आहे

६ एप्रिल
सकाळी चिकूच्या झाडावर खारींचा कल्लोळ. शेपट्या उडवून किरकिरत होत्या. निरुपमा म्हणाली, खाली काहीतरी आहे. मी गॅलरीतून पाहिलं. मोगऱ्याच्या वाफ्यातून एक शेपूट कुंपणाकडे सरकत गेली. जाड, पिवळट. तोंड दिसलं नाही. मी शांतपणे घरात आलो. (शांतपणे म्हणजे पटकन, पण न ओरडता.)
निदान: धामण. बिनविषारी. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला शेपूट पुरते.

७ एप्रिल
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘आमच्या बागेत धामण आहे. उंदीर खाते. नो पॅनिक. गॅरंटी माझी. मुकुंद.’ भराभर अंगठे आले. फक्त शेजारच्या नयनाबेननी विचारलं, ‘मुकुंदभाई, मोढुं जोयुं?’ तोंड पाहिलंत का म्हणे!
निरुपमा म्हणते, साप पकडणाऱ्यांना फोन करू या. येतात, नेतात, लांब सोडतात. मी नाही म्हटलं. ग्रुपवर गॅरंटी दिल्यावर पकडायला माणसं आली, तर गॅरंटीला अर्थ काय राहिला?
संकल्प: रोज सकाळी बागेत निरीक्षण.

९ एप्रिल
निरीक्षण गॅलरीतून. वरून व्ह्यू चांगला मिळतो. शिवाय खाली उतरलं की प्राणी डिस्टर्ब होतो.
निरुपमा नेहमीसारखी पाईप घेऊन झाडांना पाणी घालत होती. मी वरून सूचना दिल्या. तिने एकदा पाईपचं तोंड वर केलं. चुकून असावं.

१३ एप्रिल
अवंतीचा पुण्याहून फोन. मे महिन्यात सानवीला घेऊन येणार आहे. म्हणजे, होती. नयनाबेननी तिला सापाचं कळवलंय. (माझी मुलगी आणि नयनाबेन व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात, हे मला आज समजलं.)
म्हणाली, ‘बाबा, सानवी दिवसभर त्या बागेतच खेळते. नक्की धामणच आहे ना?’
शंभर टक्के, म्हटलं.
‘मग तुम्ही जाता का बागेत?’
नेटवर्क खराब होतं. फोन ठेवला.
नातीच्या सुट्टीचा प्रश्न आहे. उद्या नक्की खाली उतरणार.

१४ एप्रिल
गुडघा दुखतोय.

१५ एप्रिल
उतरलो! गमबूट, हातमोजे, कारखान्यातलं जुनं हेल्मेट. दुसऱ्या पायरीवर होतो, तेवढ्यात कढीलिंबाखाली पाचोळा वाजला. साळुंकी निघाली. तरी परत आलो, कारण हेल्मेटचा पट्टा सैल होता. सेफ्टीत तडजोड नाही.
नयनाबेन त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘लडाईमां जाओ छो?’ लढाईला निघालात का म्हणे! मी हसलो. हसणं बाहेर आलं नसावं.

१८ एप्रिल
आज खारी गप्प. बुलबुलही नाही. बाग अशी गप्प असली की मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो. टीव्ही बघायला हेच योग्य आसन आहे.
निरुपमा म्हणाली, काल दुपारी झोपेत तुम्ही ‘फणा, फणा’ म्हणत होतात. मी म्हटलं, ‘पन्हं’ म्हणालो असेन, उन्हाळा आहे.
ती हसली नाही. म्हणाली, ‘मला भीती वाटते हो. झाडं करपतील म्हणून जाते, पण पाऊल टाकताना प्रत्येक वेळी खाली बघते. करू का फोन?’
मी म्हटलं, घाबरतेस कशाला, मी आहे ना.

२१ एप्रिल, सकाळ
लगेच लिहून ठेवतो आहे, कारण नंतर लोक वेगवेगळं सांगतील.
निरुपमा पाणी घालत होती. मी जाळीच्या दारात उभा होतो, म्हणजे तसा जवळच. खारी एकदम ओरडल्या. मोगऱ्यातून साप निघाला, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर. लांबच लांब. त्याने मान उचलली. निरुपमाने पाईप टाकला आणि दाराकडे धावत आली.
दार बंद होतं. मीच लावलं असणार, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. कडीसुद्धा.
तिने दार ओढलं. ‘अहो, कडी काढा!’ जाळीपलीकडे तिचा चेहरा होता. माझा हात कडीवर होता. तो हलेना. खरंच हलेना.
तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग वळली, कुंड्या ओलांडून मधल्या बुटक्या भिंतीवर चढली. नयनाबेननी तिकडून दंड धरून तिला ओढून घेतलं.
फोनही त्यांनीच केला. दोघं जण आले, कुंपणाशी साप पकडला, पिशवीत घातला.
धामणच निघाली! पूर्ण वाढ झालेली.
ग्रुपवर ताबडतोब टाकलं: ‘मी सांगितलं होतं.’
अजून एकही अंगठा नाही. सगळे नाश्त्याला बसले असतील.

२१ एप्रिल, संध्याकाळ
निरुपमा दिवसभर नयनाबेनकडे होती. आत्ता आली. कोपर खरचटलंय, त्यावर हळद. मी म्हटलं, बघ, माझं निदान अचूक होतं.
‘हो,’ ती म्हणाली. ‘धामणच होती. मग कडी का लावलीत?’
उत्तर होतं माझ्याकडे. रिफ्लेक्स, इमर्जन्सी प्रोसिजर, बरंच काही. पण ती कणीक मळायला गेली, म्हणून राहिलं.

२२ एप्रिल
अवंतीचा फोन आला. सानवीला घेऊन येते आहे. निरुपमाशीच बोलली. मी शेजारी उभा होतो. फोन माझ्याकडे आला नाही.
नंतर चपला घातल्या आणि बागेत गेलो. पायऱ्या उतरून थेट मोगऱ्यापर्यंत. काही वाटलं नाही. म्हणजे बरंच वाटलं, पण गेलो. निरुपमा पाईप गुंडाळत होती. म्हटलं, आजपासून झाडांना पाणी मी घालणार.
‘घालून झालं,’ ती म्हणाली.