आक्का, रंजीनं हळद लावली

प्रिय आक्का,

लग्नघर मोकळं झालं. मांडवाचे बांबू टेम्पोत चढले, उसनी पातेली ज्याच्या त्याच्या घरी गेली आणि मी ओसरीवर एकटाच बसलोय. घडलेलं सगळ्यांना सांगून झालं. जिला सगळ्यांत आधी सांगायचं होतं, ती तूच राहिलीस. म्हणून लिहितोय.

आपल्या रंजीच्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न झालं गं! रंजी आठवते ना, माझी थोरली? तुझ्या कडेवरून उतरायची नाही. तिचे मालक गेले तेव्हा ऋतू शाळेत होती. तू त्याआधीच गेली होतीस आणि खरं सांगू, तेव्हा मला ते बरंच वाटलं. स्वतःचं नशीब पुन्हा लेकरात बघणं तुला सोसलं नसतं.

ही ऋतू आता सांगलीत बस चालवते. तिकिटं फाडत नाही हं, चालवते! मोठी लाल गाडी. एकदा वडूजच्या स्टँडवर तिनं गाडी झोकात वळवून लावली. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "आरं गड्या, पोरगी हाय की!" मी म्हटलं, "नात हाय माझी." जन्मभर कविता पाठ करणारा मी, त्या वेळी एक ओळ आठवेल तर शपथ!

कवितांवरून आठवलं. मी परीक्षेसाठी मोठ्यानं घोकायचो आणि जात्यावर बसल्या बसल्या तू तीच कविता ओवीच्या चालीत म्हणायचीस. गुरुजींनी वर्गात उभं केलं की माझ्या तोंडून तुझीच चाल निघायची आणि पोरं हसून लोळायची. अजून सकाळी बागेला पाणी घालताना त्या ओळी येतात, त्या तुझ्याच आवाजात.

त्याच जात्यावर लग्नाची हळद दळली जायची. मुहूर्ताची मूठ सवाष्णी दळायच्या, दोन गाणी म्हणायच्या आणि चहाला उठायच्या. उरलेली सगळी तुझ्यापुढं. दळून दळून तुझ्या भुवयासुद्धा पिवळ्या व्हायच्या. पण लावायची वेळ आली की तू आत. माझ्या हळदीला मी पाटावरून हाक मारली, "आक्का, ये की!" तर दाराआडून म्हणालीस, "नगं रं बाळू. तुला काय झालं म्हंजे?"

एकदा तरी भांडायचं होतंस गं! दाजी गेले, म्हणून भावाला हात लावायचा हक्क कसा जातो?

आता परवाचं ऐक. सांगलीहून उष्टी हळद आली, म्हणजे नवऱ्या मुलाला लावून उरलेली. विहीणबाई स्वतः घेऊन आल्या. अंगणात पाट मांडला, ऋतू बसली. आपली चुलतभावजय जनावहिनी वाटी घेऊन पुढं झाली, तशी ऋतू म्हणाली, "थांबा आजी. पहिली हळद आई लावणार."

गाणंच बंद पडलं. रंजी होती कुठं? आत, भाताच्या पातेल्याशी.

"असं कवा झालंय का गं?" जनावहिनी म्हणाली. "तुझ्याच भल्याचं सांगतोय आमी."

"मग मी उठते पाटावरनं."

"बघा! डायवरबाई घरात बी हॉर्न वाजवतीया!"

बायका हसल्या, पण जागची कुणी हलेना. रंजी दारापर्यंत आली, पदराला हात पुसत म्हणाली, "नको बाळा, हट्ट करू नको. उद्या तुझ्या संसाराला काय झालं तर लोक ऱ्हाऊ देत, मीच मला माफ करणार न्हाई."

आक्का, आपल्या गावानं ग्रामसभेत ठराव केलाय: नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. मीही हात वर केला होता. रेडिओवर ऐकतो, कुठल्या कुठल्या देशांत बाया न्यायाधीश होतात, विमानं उडवतात, अख्खा देश चालवतात. ऐकून छाती फुगते. पण आईच्या पोटातली भीती कुठल्या सभेत हात वर करून काढायची?

सगळ्यांच्या नजरा विहीणबाईंकडं वळल्या. त्यांचेही मालक नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. मुलाला हळद त्यांच्या जावेनं लावली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या सतरंजीवर निवांत बसलेल्या, कपाळाला ठसठशीत टिकली. म्हणाल्या, "ताई, ह्या वाटीतली हळद माझ्या पोराला पयली कुणी लावली, इचारा की."

"कुणी?" जनावहिनीनंच विचारलं.

"मी. आता माघारी धाडताय व्हय?"

"अगं बया!" जनावहिनीनं कपाळाला हात लावला आणि तीच आधी खदखदून हसली. मग उठून वाटी रंजीच्या हातात दिली. "घे बाई. आजवर लावायची ऱ्हायली ती बी लाव आता सगळी."

रंजीनं वाटीत बोटं बुडवली. तिनं एकदम लेकीच्या गालालाच हळद लावली. "पायापास्नं गं, पायापास्नं!" सगळ्या ओरडल्या. रीतच विसरली होती माझी पोर! मग तिनं ऋतूचे पाय हातात घेतले, आणि ते सोडवेचनात तिला. विहीणबाईंनी गाणं उचललं. मी चष्मा पुसत उभा. एवढा ताठ मी स्वतःच्या लग्नातही उभा नव्हतो.

काल चहा पिताना सुमनला, तुझ्या भावजयीला, म्हटलं, "मी गेल्यावर तुझी एकसुद्धा बांगडी फोडू द्यायची नाही."

"आवं, पयला लंबर तुमचाच, हे कुणी ठरीवलं?" असं म्हणून हसली. मग बशी विसळता विसळता थांबली. "पर तवा मी रडत आसणार. माझं कोण ऐकंल? सांगायचं तर आत्ताच सांगून ठिवा समद्यास्नी."

म्हणून तुला शब्द देतो, आक्का. येत्या रविवारी सगळ्या भावकीला ओसरीवर बोलावतो आणि सुमनला शेजारी बसवून सांगतो: माझ्यामागं हिचं कुंकू हिचंच, हिच्या बांगड्या हिच्याच. सांगताना आवाज कापेल बहुतेक. कापू दे. सांगितल्याशिवाय कुणाला उठू देणार नाही.

तुझा धाकटा,
बाळू