उताराला गिअर

आबा, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या तुमच्या टोचनच्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक बसवायचं ठरलं आणि तो निवडायचं काम माझ्यावर आलं. घरात पदवी मिळवणारी पहिली तुमची मुलगी, तीही मेकॅनिकलची. तुमच्यानंतर गाडी काका चालवतात. ते गावभर सांगत सुटले, आमची इंजिनेरीण बघंल म्हणून. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळत नाही.

उचगावात तुमच्या मिस्त्रीचाचांनी दोन ब्रेक पुढ्यात ठेवले. एक जुन्या ट्रकचा काढलेला, केबलने ओढायचा. दुसरा नवा, हवेवर चालणारा, क्लच दाबला की आपोआप सुटणारा. काम दोघांचं एकच: इंजिनातून बाहेर पडणारा धूर झडपेने अडवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरतं. पण जुन्याची झडप पूर्ण मिटत होती, आणि तेवढा दाब आपल्या म्हाताऱ्या इंजिनाला सोसला नसता. मी वहीत आकडे मांडले आणि नवा निवडला. चाचांनी वहीकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "ब्रेक बराबर हाय पोरी. पण तुझा काका उताराला गेर ठेवतोय व्हय?"

मी वही मिटली. गिअर काढला की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो, मग हा ब्रेक असून नसल्यासारखा. आणि आपल्या घरात उतार न्यूट्रलमध्येच उतरतात.

अजून आठवतं: मी नववीत आहे. जोतिबाच्या डोंगरावर बंद पडलेली जीप आपण मागे बांधली आहे. उताराच्या तोंडाशी तुम्ही "चांगभलं" म्हणता आणि गिअर काढून टाकता. इंजिनाचा आवाज खाली बसतो, नुसते टायर ऐकू येतात. हितनं खाली देव नेतोय, डिझेल कशाला जाळायचं, असं तुम्ही म्हणता आणि मला तुमच्याइतकं हुशार जगात कोणी वाटत नाही. दोन वर्षांनी त्याच उतारावर, मागे मिनीबस बांधलेली असताना, तुम्ही गेलात. सगळे म्हणाले, ब्रेक फेल झाला. पुढे कॉलेजात, ब्रेक ड्रम तापला की ब्रेकची पकड सुटते, हा धडा आला तेव्हा मला कळलं, की सगळं ओझं तुम्ही एकट्या ब्रेकवर टाकलं होतं. ते मी घरात कुणालाच सांगितलं नाही.

परवा नव्या ब्रेकनंतरचं पहिलंच काम जोतिबाचं आलं, एक बंद टेम्पो. मी मुद्दाम काकांशेजारी बसले. चढताना त्यांना सगळं समजावलं, ते व्हय व्हय करत राहिले. टेम्पो बांधून उताराच्या तोंडाशी आलो, काका "चांगभलं" म्हणाले आणि त्यांचा तळवा गिअरच्या गोळ्यावर गेला. गिअर राहू द्या, मी म्हटलं.

"तुझ्या बापानं ह्या उताराला कवा गेर ठेवला न्हाय. तू शिकवणार मला?"

गाडी वेग घेत होती. पहिलं वळण समोर दिसत होतं, आणि माझ्याजवळची सगळी गणितं त्या वळणापर्यंत सांगून संपली नसती.

"आबांनीच सांगितलंय," मी म्हणाले. "शेवटच्या वर्षी. उताराला गेर सोडायचा न्हाय, काकालाबी सांग म्हणाले."

तळवा तिथेच थांबला. मग काकांनी तिसऱ्याचा दुसरा केला आणि ब्रेकचं बटण दाबलं. इंजिन घशातून घुमलं, मी सीटवरून पुढे रेटली गेले, मागचा टेम्पो आवरला. सपाटीला लागल्यावर काकांनी उतरून ड्रम तापलाय का बघायला चाकाजवळ हात नेला; चटका बसेना, तसा जरा वेळ तिथेच धरला.

"दादा असं म्हणाला व्हय," ते म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

आबा, त्या शेवटच्या वर्षी तुमच्याशेजारी बहुतेक वेळा काकाच बसायचे. तुम्ही काय म्हणालात आणि काय नाही, हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत. तरी आता उचगावात ते प्रत्येक ड्रायव्हरला सांगतात, आमचा दादा उताराला गेर सोडू देत नव्हता. मी शेजारी उभी असते आणि मान हलवते.