भरल्या डब्याचा आवाज

आये, आज सासूबाईंबरोबर मुरबाडला जाऊन आगोट भरून आणली. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे आगोट, हे तुला मी काय सांगायचं. पण माझी पोरगी परवा विचारत होती, दुकानं बारा महिने उघडी असतात, तर सुकट, लसूण, चिंच, मसाला हे सगळं उन्हाळ्यातच घरात आणून कोंबायचं कशाला? आपली रीत आहे, एवढंच म्हटलं. खरं उत्तर मला येतं, पण ते तिला सांगण्यासारखं नाही. तुला सांगायला हरकत नाही, तुझ्यापाशी माझी काय अब्रू जायची आहे.

तुझा फोटो कुणी काढलाच नाही. चेहरा पुसट झालाय, खोटं कशाला बोलू. पण तुझी बोटं मला स्वच्छ दिसतात. वैशाखाचं ऊन आहे, आपण टोकावड्याकडून जीपने मुरबाडच्या बाजारात आलोय, आणि तू कोळणीच्या पाटीसमोर उकिडवी बसून बोंबील मोडून बघतेस. मोडताना कट्ट आवाज आला तर घ्यायचा, वाकला तर तिच्याच पाटीत परत टाकायचा. ती कोळीण करवादते, "मोडून मोडून भुगा करशील गो माझ्या मालाचा." तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. घरी आल्यावर ते सगळं पुन्हा अंगणात वाळवायचं, मग तेलाच्या रिकाम्या डब्यांत तळाला कागद घालून भरायचं, झाकण घट्ट बसवायचं आणि चुलीवरच्या माळ्यावर ओळीने लावायचं. खाली धूर, म्हणून वर कोरडं. एकदा डबा बंद झाला की गरज पडेपर्यंत उघडायचा नाही. मी एकदा आंबोशीसाठी झाकण उचकटलं तर हातावर फटका दिलास. "वारा लागल त्याला. बुरशी आली तं काय तुझी हाडं शिजवू?" पावसात किती उरलंय हे तू झाकण न उघडता सांगायचीस. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढायचं, डब्याच्या पोटावर बोटाने टिचकी मारायची, कान द्यायचा. भरलेला डबा बसक्या आवाजात बोलतो, रिकामा ठणकतो. मी खालून ऐकत असायची. त्या बसक्या आवाजावर मला झोप लागायची.

त्या वर्षी आगोट भरून झाली आणि मिरगातच तू तापाने गेलीस. लोक येऊन बसले, उठून गेले, बाबा भाताच्या आवणीला लागले, आणि आम्ही तुझी आगोट खात राहिलो. हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं. आई नाही आणि ताटात आईने निवडलेली सुकट आहे. धाकटा भाऊ जेवताना विचारायचा, आय कंदी येल? मी त्याच्या भाकरीवर अजून थोडी सुकट घालायची. तू गेलीस तेव्हा मला रडू आलं नव्हतं, बाया म्हणत होत्या पोरगी दगडाची आहे. दसऱ्याच्या सुमाराला शेवटचा डबा ठणकला, तेव्हा मी त्या शिडीवर बसून एवढी रडले की बाबा शेतातून धावत आले. त्यांना वाटलं, विंचू चावला. पुढच्या उन्हाळ्यात आगोट भरायची असते हे बाबांच्या ध्यानातच आलं नाही. पुरुषाला कोण सांगणार, आणि मी तरी केवढी. त्या पावसाळ्यात नाचणीची भाकरी आणि मीठमिरची. माळ्यावर डबे तसेच ओळीने, आणि वाऱ्याने पत्रा हलला की एकमेकांवर आपटून ठणठण करायचे. तो आवाज माझ्या डोक्यातून कधी गेला नाही, आये.

माझं लग्न होऊन मी इकडे शहापूरच्या बाजूला आले. नवरा टेम्पो चालवतो, चांगला आहे, कमी बोलतो. मी आसनगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. दिवसभर दुसऱ्याचा माल खोक्यात घालायचा, वर पट्टी मारायची. तिथल्याच एका बाईने मला फोनवरून वस्तू मागवायला शिकवलं. पहिल्यांदा काय घेतलं माहीत आहे? डबेच. झाकणाला रबर असलेले प्लॅस्टिकचे, पारदर्शक. तेव्हा हसू आलं नव्हतं. मग चादरी, मग मिक्सर असताना दुसरा मिक्सर, पोरीला सँडल, मलाही सँडल, जेवणाच्या टेबलाचं कव्हर, आणि आमच्या घरात टेबल नाही. वस्तू हवी असायची असं नाही गो. खोकं येणार आहे, वाटेत आहे, आज पोहोचेल, एवढ्यावर माझे चार दिवस बरे जायचे. पार्सलवाला आमच्या पाड्यात येत नाही, फाट्यावरच्या पिठाच्या गिरणीत ठेवून जातो. गिरणीवाला मला बघून म्हणायचा, "वैनी, दळण तुमचा अजून व्हायचाय, पन खोका आलाय." मी ते दळणाच्या पिशवीत तळाला घालून वर पिठाचा डबा ठेवून घरी आणायची. पुष्कळदा उघडायचीसुद्धा नाही. घरात आलंय, भरलंय, बास.

पगार पुरेनासा झाला तेव्हा आधी बचत गटातून उचल घेतली, मग फोनवरच मिळणारं कर्ज घेतलं, मग ते फेडायला दुसरं. फोनवर कर्ज मिळणं खोकं मागवण्याहून सोपं आहे, आणि ते गिरणीत आणायलाही जावं लागत नाही. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. कंपनीत काम करताना कमरेला फोन थरथरायचा आणि मी खोक्यांवर पट्टी मारत राहायची. नवऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही. गेल्या वैशाखात त्याने दरवर्षीसारखे आगोटीचे पैसे माझ्या हातात ठेवले, आणि मी ते त्याच दिवशी हप्त्यात घातले. स्वतःला समजावलं, दुकानं काय पावसात बंद असतात का, लागेल तसं आणू. पण माळ्यावरचे डबे रिकामे कसे ठेवायचे? सासूबाईंना तुझीच सवय आहे, त्याही येता-जाता काठीच्या टोकाने डबा वाजवून बघतात. म्हणून मी काय केलं, तर न उघडलेल्या खोक्यांतला माल काढून त्या डब्यांत भरला. सँडल, चादर, केस वाळवायचं यंत्र, घट्ट बसेल तसं. झाकण लावलं. सासूबाईंनी वाजवून बघितलं, बसका आवाज आला, त्या म्हणाल्या, "गच भरलेत. या वर्षी चांगली केलीस गो आगोट." मी मान डोलावली. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

आखाडात पाऊस लागून राहिला. ओढ्यावरचा फरशीपूल पाण्याखाली गेला, टेम्पो दारात उभा, कंपनीची गाडी फाट्यापर्यंत येईना, म्हणून मी घरीच. लागेल तसं आणू म्हणणारी मी, माझ्याकडे आणायला ना वाट होती ना पैसे. दोन वेळा डाळीवर भागवलं. तिसऱ्या वेळेला सासूबाई म्हणाल्या, आता श्रावण लागल, मंग महिनाभर काय ते वशाट मिळायचं नाय, आज बोंबलाचा कालवण करू. मी म्हटलं, मी काढते. म्हणेपर्यंत त्यांनी पोरीला शिडीवर चढवून डबा खाली घेतलाही होता. झाकण उघडलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत लाल सँडल. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, वास घेतला. खरंच वास घेतला, आये. मग दुसरा डबा. मग तिसरा. पोरगी एकदा माझ्याकडे बघतेय, एकदा आजीकडे. मी चुलीपाशी बसले होते ती तशीच. त्या ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला उलट बोलता येतं. त्यांनी झाकणं परत लावली, फडताळातली वाटी घेतली, पदराखाली धरली, डोक्यावर इरलं घेतलं आणि बाहेर पडल्या.

आखाडात दुसऱ्याच्या दारात आगोटीतलं मागायला जाणं म्हणजे काय, ते तुला कळेल. ज्या बाईच्या घरून पाड्यातल्या बायका आजवर वाटी भरून घेऊन गेल्या, ती बाई शेजारच्या पडवीत वाटी घेऊन उभी. पावसातही मला ऐकू येत होतं. शेजारीण विचारत होती, "तुमची आगोट संपली कशी एवढ्यात?" आणि सासूबाई सांगत होत्या, "सून आजारी होती वैशाखात, जमला नाय तिला. आमी पन ध्यान दिला नाय." आजारी होती. मी दाराच्या आड उभी राहून ते ऐकलं. त्यांनी कालवण केलं, मला वाढलं, समोर बसून मी खाते की नाही ते बघितलं. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "त्या खोक्यांचा मंग बघू. पयले सांग, देना किती हाय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला फक्त फोनवरची परकी माणसं विचारत होती. मी सांगितलं. नवरा ओट्यावर बसून ऐकत होता. उठून टेम्पोपाशी गेला आणि पावसात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी काय नाय म्हणालो असतो?" नाही म्हणाला असता, आये. पण ते मी बोलून दाखवलं नाही.

आता वर्ष होत आलं. फेडतेय. जी खोकी परत जाण्यासारखी होती ती गेली, काही कंपनीतल्या बायकांना पडत्या भावात दिली, उरलेली पोरगी वापरते आणि वापरताना माझ्याकडे बघत नाही. टेम्पोच्या कमाईतला वाटा आणि माझा जवळजवळ सगळा पगार हप्त्यात जातो, आणि अजून पुष्कळ वर्षं जाईल. कामावरून आले की फोन सासूबाईंच्या हातात द्यायचा, त्या तो खालच्या फळीवरच्या डब्यात ठेवून झाकण लावतात. वाजला तर डबाच गुरगुरतो. पहिल्या महिन्यात माझी बोटं शिवशिवायची, जेवताना ताटाच्या कडेवर अंगठा वर-खाली फिरायचा. पोरीनेच दाखवून दिलं. दिवाळीत एकदा मी कंपनीच्या संडासात बसून कानातलं मागवलं होतं. ते गिरणीवाल्याने मला दिलंच नाही. म्हणाला, "म्हातारी सांगून गेल्याय, खोका आला तं परत पाठवा." म्हणजे आखाडातच कधीतरी, भर पावसात, काठी टेकत ती बाई फाट्यापर्यंत जाऊन आली होती आणि घरात एक शब्द बोलली नव्हती. मला राग आला. खूप राग आला. नंतर फाट्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहिले थोडा वेळ, आणि घरी आले.

आज बाजारात कोळणीपुढे मी उकिडवी बसले आणि बोंबील मोडला. पैसे मोजकेच होते, हप्ता आधी काढून ठेवला होता. सुकट घेतली, बोंबील घेतले, लसूण, चिंच, मीठ झालं, जवळ्याला उरलं नाही. घरी येऊन डबे भरले तर एक रिकामा राहिला. मी म्हटलं, खाली काढून ठेवते, नजरेसमोर नको. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे वरती. रिकामा हाय ते म्हायती तरी हाय ना." त्यांनी तो ओळीत शेवटी लावून घेतला. जवळा आणायचा झाला तर ज्यावर हे तुला लिहितेय तो कागद त्या त्याच डब्यात तळाला घालतील. पॅकिंगचा तपकिरी कागद आहे, डब्याला चांगला. वाचता त्यांना येत नाही, आणि तुलाही येत नव्हतं.

मघाशी त्या पडवीत आडव्या झाल्या तेव्हा मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले. एकेका डब्यावर टिचकी मारली. बसका, बसका, बसका. मग शेवटचा. तू गेलीस त्याच्या पुढच्या पावसात ऐकला होता, तोच आवाज. रडू आलं नाही, पण शिडीवरून उतरून मी सरळ खालच्या फळीपाशी गेले आणि फोनच्या डब्याचं झाकण अर्धं उचकटलं. मग परत बसवलं. सासूबाईंनी ते बघितलं नाही, म्हणून तुला सांगतेय.