बायकोच्या लॅपटॉपवर लिनक्स

३ मार्च, सोमवार
बायकोची शुक्रवारी ऑनलाइन मुलाखत. मुलगी झाल्यावर सोडलेली नोकरी पुन्हा मिळवायची आहे तिला. लॅपटॉप मात्र गोगलगाय. लिनक्स टाकू म्हटलं, तर म्हणाली, मुलाखत होऊ दे, मग काय हवं ते कर. ती बाहेर पडताच कामाला लागलो. विंडोज साफ पुसलं. बॅकअप घेतला नाही. मागे बघणाऱ्यांची प्रगती होत नाही.

४ मार्च
लिनक्स सुंदर चालतंय. फक्त वाय-फाय दिसत नाही. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेटसाठी वाय-फाय हवं. घोडं इथेच पेंड खातंय. सासूबाईंचा फोन मागून घेतला, केबलने जोडला. फोन परत मिळेल ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. माणसाचा माणसावर विश्वास उरलेला नाही.

५ मार्च
नेट फोनवरून सुरू. आवाज गेला. लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर मदत मागितली. एकाने मॉडेल विचारलं. सांगितलं. त्याने 'अरेरे' लिहिलं. फार आपुलकीची मंडळी.

६ मार्च
आवाज आला! कॅमेराही लागला. त्यात बायको उलटी दिसते, डोकं खाली. मुलाखतभर मी लॅपटॉप उलटा धरून उभा राहतो म्हटलं. तिने लॅपटॉप मिटला आणि पानं घ्यायला गेली. जेवताना सासूबाई हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याबद्दल काहीतरी म्हणाल्या. रोख कोणावर होता कळलं नाही.

७ मार्च, सकाळ
मुलाखतीआधी एक छोटासा अपडेट, कॅमेरा सरळ करायला.

७ मार्च, थोड्या वेळाने
स्क्रीन काळी. खरं सांगायचं तर घाबरलो. बायको इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभी, हातात सर्टिफिकेटांची फाइल. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. 'कंपनीने हार्डवेअरच चुकीचं बसवलंय,' म्हणालो. ती म्हणाली, 'बाजूला हो.' केबल उपटून तिने आईचा फोन घेतला आणि दार लावलं.

८ मार्च
बायकोची निवड झाली. मुलाखत फोनवरच दिली. फोन सरळ उभा राहावा म्हणून लॅपटॉपला टेकवला होता. म्हणजे शेवटी लॅपटॉपचा हातभार लागलाच, असं मी पेढे खाताना म्हणालो.

सासूबाई फोन पदराने पुसत म्हणाल्या, 'हो तर, जावईबापू. जरासुद्धा हलला नाही.'