कोऱ्या पानाखालचा अंगठा

११ जानेवारी १९९७

चेक अजून विभूतीच्या डब्याखालीच आहे. रोज पूजेला बसले की डबा उचलते, बघते, परत ठेवते. कागदच तो, पण साप निघाल्यासारखी दचकते!

शांभवी, दचकते असंच लिही. सासू भ्याली हे लिहायला सुनेला गोड वाटत असेल, तेवढं सुख घे.

लिहून का ठेवायचं, तेही लिही. मला अक्षर येत नाही. मागं एकदा मला सांगितलं एक आणि कागदावर निघालं दुसरं. आता माझाही एक कागद असू दे. नातीची, भूमिकाची, जुनी वही निम्मी कोरी होती, ती घेतली. भूमिका म्हणते, "आज्जी, वर इयत्ता चौथी लिवलंय." असू दे की! एका दिवसात चौथीत गेले, बापसुद्धा शाळेत घालत नव्हता.

शांभवी डी.एड. झालेली. मी 'न्हाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. म्हटलं, माझं तोंड धुवून कागदावर ठेवतीस व्हय? हसली. लिहून झालं की वाचून दाखवायचं, असं ठरलंय.

चेक मुलींच्या वसतिगृहाचा. त्यांना आमची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जाते. ऑगस्टात तिथल्या बाईंनी विचारलं, चेक कुणाच्या नावानं लिहू? मी तोऱ्यात सांगितलं, पाटीवर हाय त्याच्या! 'अक्काताई कडक भाकरी केंद्र'. आता त्या नावाचं खातं कुठल्याच बँकेत नाही. ५ फेब्रुवारीला सहा महिने भरतात. मग चेक मेला. बाई म्हणाल्या, "हा वटला नाही तर पुढचं काम देता येणार नाही, अक्काताई. रोखीत देणं आता बंद झालंय."

काम गेलं तर मी एकटी बसत नाही. बयाबाई आणि चिमणाबाई माझ्या बरोबरीनं थापतात. त्यांच्या चुली माझ्या तव्यावर पेटतात.

१३ जानेवारी

भोगी. पहाटेपासून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. दुपारपर्यंत भ्यायला सवडच नाही. नंतर भ्याले.

१६ जानेवारी

बँकेत जाऊन आले! शांभवीला घेऊन गेले.

दारात बंदूक घेऊन माणूस. विचारलं, "पावणं, आत जाऊ का?" म्हणाला, "जावा की मावशी, बंदूक चोरास्नी हाय." मी चोर नाही हे त्याला बघताच कळलं. दिवसात तेवढंच एक बरं झालं.

आत चष्मेवाला पोरगा. चांगला बोलला. पाटीच्या नावाचं चालू खातं काढा म्हणाला, मालक म्हणून तुमचं नाव. महापालिकेचं लायसन माझ्याच नावाचं आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलंय. वाचता येत नाही, पण रोज आरशासारखं पुसते. दोन फोटो लागतात. आणि ओळख लागते. म्हणजे त्याच बँकेत खातं असलेल्या कुणीतरी सही करायची, की ही बाई मला माहीत आहे. शांभवीचं खातं तिथंच आहे, लग्नाआधीपासूनचं. सोपं झालं, असं वाटलं.

"सही येते का आज्जी?"

"न्हाय."

"मग अंगठा. पण अंगठ्याच्या खात्याला चेकबुक मिळत नाही. पैसे काढायला दर वेळी स्वतः यावं लागेल. फोटो बघूनच देतो आम्ही."

"म्हंजे मी आल्याबिगर पैसा हलत न्हाय?"

"नाही."

"मग हेच द्या की!"

तो बिचारा तोटा सांगत होता. मला वाटलं, कौतुक सांगतोय.

मग अंगठा घेतला. जांभळा ठिपका उमटला, गुळगुळीत. परत घेतला. परत. चार वेळा.

"आज्जी, रेषा कुठायत?"

म्हटलं, "चाळीस वर्सं तव्यावर भाकरी उलटली. रेषा गिऱ्हाइकानं भाकरीसंगं खाल्ल्या." हसला. पण फॉर्म परत दिला. हात हलका ठेवून घरी सराव करा म्हणाला.

पायरी उतरताना पाऊल चुकलं. शांभवीनं कोपर धरलं. हे लिहू नको म्हटलं तर लिहिलंच हिनं!

१७ जानेवारी

कोडोलीचं, सासरच्या गावचं, लिहायचं राहिलं.

मालक गेले तेव्हा श्रीशैल कडेवर होता. तेराव्याच्या आत थोरले दीर कागद घेऊन आले. म्हणाले, "रेशनचं हाय, अक्काताई, लाव अंगठा." लावला. पुढच्या हंगामात शेतात गेले तर बांधावर उभे राहून म्हणतात, "हितं तुझं काय हाय? तूच लिवून दिलंस की." पाऊण एकर. विहिरीसकट.

मी कुठं लिहून दिलं? मला लिहिता येतं का?

तेव्हा अंगठ्याला रेषा होत्या तरी हे झालं. आता रेषाच नाहीत. गुळगुळीत ठिपका कुणाचाही म्हणता येईल. चष्मेवाल्याला ते हसण्यासारखं वाटलं. मला घाम फुटला.

१९ जानेवारी

कृष्णात आला होता, पतसंस्थेचा पिग्मीवाला. रोज गल्लीत दारोदार पैसे गोळा करतो. "अक्काताई, अंगठ्याचं काय घेऊन बसलाय? माझ्याकडं द्या. दारातनं नेतो, दारात आणून देतो. आम्ही रेषाबिषा मोजत न्हाय."

विचारलं, "पाटीच्या नावाचा चेक घेशील?"

"त्ये... साहेबास्नी विचारून सांगतो." सायकल पळवत गेला. रेषा बघत नाहीत ते माझा पैसा कुणालाही देतील, असं आपलं मला वाटलं. पतसंस्था नको.

जेवताना श्रीशैल म्हणाला. माझा लेक, खताचं दुकान आहे त्याचं, चालू खातंही आहे. "अव्वा, कशाला वणवण? केंद्र माझ्या नावावर कर. लायसन बदलून घेतो, चेक बाईंकडनं माझ्या नावाचा करून आणतो. तू आपली भाकरी थाप."

तू आपली भाकरी थाप! चाळीस वर्षं काय करत होते मग, पत्ते खेळत होते?

पण आवाज गोड होता. थोरल्या दिरांचाही असाच गोड होता.

हे खोडू नकोस, शांभवी. तुझा नवरा आहे, झोंबलं तरी राहू दे. लेकाबद्दल असं मनात येतं, याचंच मला जास्त भ्या वाटतं.

२१ जानेवारी

शिक्क्याचं पॅड आणलं. जांभळं. या वहीच्या मागच्या पानांवर सराव केला. बँकेत कागदाच्या तळाला अंगठा घेतात म्हणून मीही पानाच्या तळाला. एका पानावर एक, नीट, घाई नाही. भूमिकानं मोजलं, सात पानं. चौथ्यावर दोन रेषा आल्या! बघ म्हणून गल्लीभर दाखवत फिरले. श्रीशैललाही दाखवलं.

शाई नखात बसलीय, साबणानं जात नाही. एका भाकरीवर जांभळं बोट उमटलं. बयाबाई म्हणते, "शिक्का मारून इकतीस व्हय गं आता?"

२४ जानेवारी

श्रीशैल कागद लिहून घेऊन आला. संमतीपत्र म्हणतात त्याला. "मी राजीखुशीनं केंद्र माझ्या मुलाच्या नावे करत आहे." शांभवीला वाच म्हटलं. तिनं वाचलं. आवाज बारीक झाला होता तिचा.

म्हटलं, मी राजी न्हाय आणि खुशी तर त्याहून न्हाय.

"अव्वा, मी काय परका हाय?"

"परका असतास तर बंदूकवाल्याला सांगितलं असतं."

हसला नाही. कागद टराटरा फाडला आणि म्हणाला, "बघतो तुला वळख कोन देतंय ते. ही सही करणार न्हाय." ही म्हणजे शांभवी. ती तिथंच उभी होती.

तिनं तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता.

२७ जानेवारी

सकाळी श्रीशैलचा आरडाओरडा. "खिसा न बघता सदरा धुतंय कोन?" पांढऱ्या सदऱ्याला खिशापाशी डाग पडलाय. शांभवी म्हणाली, "पेन गळलं असंल." पेनासाठी एवढं ओरडायचं? त्याच्या बापानं बैल मेल्यावरसुद्धा आवाज चढवला नव्हता.

नऊ दिवस राहिले.

२८ जानेवारी

पानं सहा आहेत.

मला वाचता येत नाही, मोजता येतं. सात होती, सहा आहेत. शिवणीत फाटक्या कागदाची कड शिल्लक आहे, बोटाला लागते. वर अख्खं पान कोरं, खाली माझा अंगठा. त्यावर वर काय लिहाल ते मी दिलं असं होणार!

आणि मीच उमटवलाय. कुणी हात धरून नाही. एका पानावर एक, नीट, घाई नाही.

कोडोलीला मी फसले तेव्हा निदान अडाणी होते. आता तर चौथीत आहे.

वही शांभवीच्या कपाटात असते. दुसरं कोण हात लावतं? हे तिलाच सांगून लिहून घेतेय. ती लिहितेय. मान वर करत नाही.

२९ जानेवारी

लिहायचं नाही.

१ फेब्रुवारी

वही जोंधळ्याच्या पोत्यात लपवली होती. तीन दिवसांनी आज काढली. शांभवीला हाक मारली, बसवलं.

म्हटलं, लिही. पान तू फाडलंस का?

तिनं लिहिलं. वाच म्हटलं, वाचलं. आता उत्तर लिही म्हटलं.

"मी नाही फाडलं, आत्याबाई."

"मग कुनी?"

तिनं पेनाला टोपण लावलं. मीच टोपण काढून तिच्या हातात दिलं, म्हणून एवढं तरी कागदावर आलं.

ती शुद्ध लिहिते म्हणून विश्वास ठेवला होता. आता वाटतं, 'न्हाय'चं 'नाही' करणारी आणखी कशाचं काय करत असेल! वाचून दाखवते ते लिहिलेलंच कशावरून? भूमिकाकडून एक पान वाचून घेतलं. शब्दाला शब्द तेच होतं. तरी दुसरंही वाचून घेतलं.

३ फेब्रुवारी

बयाबाईला घेऊन बँकेत गेले. शांभवीला सांगितलं नाही.

आज चष्मेवाल्याच्या वरचे साहेब होते. अंगठा बघितला आणि म्हणाले, "रेषा नसल्या तरी चालतं. फोटो आहे, दोन साक्षीदार घेतो. कुणी सांगितलं सराव करायला?" चष्मेवाला कपाटात काहीतरी शोधायला लागला.

चालतं! सात पानं फुकट घाण केली मी. माझा गळा मीच कापून ठेवला, तेही सरावासाठी!

फॉर्म भरला. लायसन बघितलं, फोटो चिकटवला. मग साहेब म्हणाले, "ओळख देणाऱ्याची सही?" बयाबाई छाती पुढं काढून म्हणाली, "मी वळखते की हिला! बत्तीस वर्सं! हिच्या लेकाचं बारसं मी जेवलीया." पण बयाबाईचं खातं नाही. बत्तीस वर्षं चालत नाहीत, खातं लागतं.

"उद्या-परवा खातेदाराला घेऊन या. परवापर्यंत चेक भरा, नाहीतर माझ्या हातात काही नाही."

रस्त्यात बयाबाई म्हणाली, "सुनंला घेऊन जा की." घरात ते पान कुणाच्या तरी हातात आहे आणि बँकेच्या दारात सही हवीय, तीही सुनेचीच. बयाबाईला काय सांगू? दुपारी भाकरी थापताना तीन फाटल्या. माझ्या हातून कधी फाटत नाहीत.

४ फेब्रुवारी

दोरीवरचे कपडे काढायला गेले. पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग दुसऱ्या धुण्यातही गेलेला नाही. उन्हात धरला. पेनाची शाई निळी असते. हा जांभळा. माझ्या नखात बसलाय तोच.

लिही गं. पान श्रीशैलच्या खिशात होतं. तू बघितलंस आणि सदरा पानासकट बादलीत बुडवलास.

थांबू नकोस. लिही.

विचारलं, सांगितलं का न्हाईस? म्हणाली, "लेकाबद्दल सुनेनं सांगितलेलं तुम्ही खरं मानलं असतं, आत्याबाई?"

नसतं मानलं. हेही लिही.

उरलेली सहा पानं तिनंच फाडली, मी चुलीत घातली. उद्या दोघी जाणार. ती सही करणार, मी चेक भरणार. बँकेचं भ्या गेलं, घरातलं राहिलं.

आता श्रीशैल जेवायला येईल. भाकरी मीच वाढते त्याला, रोज.