फोटोतला अंगठा

३ फेब्रुवारी

फसले! आईच्या सत्तरीला मागवलेला गुच्छ आला. फोटोत टपोरे पांढरे गुलाब, पंचवीस तरी. आले नऊ, तेही माना टाकलेले. बाकी नुसता पाला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आई पलंगावरूनच म्हणाली, "असू दे गं, पाण्यात ठेव."

४ फेब्रुवारी

नवऱ्यानं शिकवणी घेतली. फोटो मोठा करून बघायचा. शेजारी हात असेल तर फुलाचा खरा आकार कळतो. तोच फोटो आणखी कुठे आहे का, शोधायचं. "आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघत जा, बाईसाहेब!"

शोधलं. तोच गुच्छ सहा दुकानांवर! पाच जणांनी चोरून कडा कापलीय. सहाव्यावर पूर्ण आहे, गुच्छ धरलेला हात दिसतो.

डावा अंगठा. नख मधोमध दुभंगलेलं.

५ फेब्रुवारी

ताईचाच. तो दारात चेमटला तेव्हा दार मी लावलं होतं, सहा वर्षांची होते. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर ती दारात आली, तेव्हाही मीच म्हणाले होते, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." बाबांच्या शेवटच्या दिवसांत आली नाही म्हणून!

भाजी चिरताना स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत बसते. तिनंच तोंड फिरवलं तर, अशी भीती वाटते.

६ फेब्रुवारी

आईला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मी ताईचा विषय काढला की आई दरवेळी म्हणते, "येईल गं ती." आणीन. तिच्यासमोर उभी करीन.

९ फेब्रुवारी

त्या सहाव्या दुकानाचं गाव, बसनं चार तास. अरुंद दुकान, ओल्या देठांचा वास. मालकीणबाईंना फोटो दाखवला. हसल्या.

"ही खरी नाहीत हो, कापडाची आहेत. खरी फुलं दिव्यांखाली टिकत नाहीत. हा हात जिचा, तिनंच शिवली, आठ दिवस बसून."

ती कुठेय, विचारलं. कात्री थांबली.

"तुम्ही कोण तिच्या?"

बहीण, म्हटलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चार वर्षं झाली. ताप डोक्यात गेला, तीन दिवसांत आटोपलं."

माफी मागायची राहिली. आता कुणाची मागू?

१० फेब्रुवारी

नवरा म्हणतो, खरं सांग. नाही सांगणार! फोटो दाखवायचा. भेटली, बरी आहे, फुलांचं काम करते, येते म्हणालीय. बस्स. तेवढ्यावर आईचे दिवस निघतील.

११ फेब्रुवारी

ठरवलेलं सगळं घडाघडा बोलले. हसूनसुद्धा दाखवलं. आईनं फोटोतल्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग माझा हात धरला.

"चार वर्षांपूर्वी त्या दुकानातून फोन आला होता, तो मीच घेतला. तेव्हा तुझे दिवस भरत आले होते. तुला कसं सांगणार? मग राहूनच गेलं गं."